आठ महिने रोज नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतोय: घरचा सिम्युलेटर, जॉयस्टिक आणि ब्रीफिंग

नोव्हेंबरात घेतलेल्या सेटअपबद्दल लिहू-लिहू म्हणता जुलै उजाडला. बरंच झालं. पहिल्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं ढगांचं कौतुक केलं असतं.

सामान साधंच. मुलाचा जुना गेमिंग पीसी, त्यात नवं ग्राफिक्स कार्ड, थ्रॉटलसकट साडेआठ हजारांची जॉयस्टिक आणि बाजारात चालणाऱ्या दोन-तीन सिम्युलेटरपैकी एक. नावं मुद्दाम देत नाही. जॉयस्टिकबद्दल जे बोलणार आहे ते ऐकून कोणी खूश होणार नाही.

दांडा पिळला की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं शेपटीतलं पातं) फिरतो, अशी तिची रचना. चौथ्या महिन्यापासून हात न लावता रडर डावीकडे सरकायला लागला. सर्व्हिस सेंटरला पाच आठवडे पडून होती, परत आली ती जशीच्या तशी. शेवटी सेटिंगमध्ये डेड झोन वाढवून भागवलं. आता थोडं पिळून काही होत नाही आणि जास्त पिळलं की विमान एकदम मान वळवतं. ग्राफिक्स उत्तम. सॉफ्टवेअरमधला एटीसी, म्हणजे रेडिओवरून सूचना देणारा नियंत्रक, कामचलाऊ. आणि एप्रिल-मेच्या दुपारी उडवायच्या फंदात पडू नका: बाहेर ४५, खोलीत कूलर घरघरतोय, पीसीचा पंखा त्याच्याही वर.

पण खरं लिहायचंय ते ब्रीफिंगबद्दल, म्हणजे उतरण्याआधी पायलट एकमेकांशी जे ठरवून बोलतात त्याबद्दल. त्याला एक पैसा पडला नाही आणि सगळ्यात जास्त वापर त्याचाच झाला.

माझी भाची कमर्शियल पायलटच्या लायसन्ससाठी शिकते. संक्रांतीला घरी आली तेव्हा मी मोठ्या ऐटीत मुंबई-नागपूर करून दाखवलं. सिम्युलेटरमध्ये जानेवारीतलं सकाळचं धुकं लावलेलं. शेवटचे दोनशे फूट उरले तरी धावपट्टी दिसेना. मी तसाच खाली गेलो आणि गवतात उतरलो.

"मामा, दिसलं नाही तर काय करायचं ठरवलं होतं?"

"बघू म्हटलं."

"बघू चालत नाही. ते जालन्यावरच ठरलेलं असायला पाहिजे."

जालना हे तिनं गमतीत म्हटलं नव्हतं. ३५ हजार फुटांवरून उतरायला साधारण दोनशे किलोमीटर लागतात. मुंबईहून येताना म्हणजे अकोल्याच्या आसपास नाक खाली होतं. एकदा उतरायला लागलं की वेग, फ्लॅप, रेडिओ, ढग अशी सगळी कामं एकदम अंगावर येतात. म्हणून अप्रोचचं, म्हणजे धावपट्टीकडे शेवटचं कसं यायचं याचं, बोलणं त्याच्या आधी, विमान सरळ शांत चाललेलं असताना उरकतात. जालन्यावर, चहा घेता घेता म्हणा ना.

त्यात काय बोलतात? ज्याच्या हातात विमान आहे तो पायलट चार्ट समोर धरून सांगतो आणि दुसरा प्रत्येक आकडा विमानाच्या कॉम्प्युटरशी ताडून बघतो. आधी चार्ट कुठला आणि कुठल्या तारखेचा, कारण ही माहिती दर २८ दिवसांच्या चक्रानं बदलते. मग आयएलएसची (धावपट्टीपर्यंत वाट दाखवणाऱ्या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेची) फ्रीक्वेन्सी, शेवटची दिशा, ग्लाइड स्लोप (त्यातला उताराची वाट दाखवणारा किरण) कुठल्या उंचीवर पकडायचा, आजूबाजूला किती उंचीखाली जायचं नाही. मिनिमम्स, म्हणजे धावपट्टी न दिसता जास्तीत जास्त किती खाली यायचं ती उंची, किती. तिथं धावपट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर कुठं चढायचं, कुठं वळायचं. इंधन किती वेळ पुरेल आणि त्यानंतर रायपूर की हैदराबाद. धावपट्टी ओली आहे का, ब्रेक किती, बाहेर कुठल्या टॅक्सीवेनं पडायचं.

नागपूरचा चार्ट भारताच्या एआयपीत (विमानतळांची अधिकृत माहिती असते त्यात) फुकट मिळतो. सोनेगावची धावपट्टी १४/३२ (एका टोकाचा आकडा १४, दुसऱ्याचा ३२), लांबी ३२०० मीटर. मी ३२ चा आयएलएस धरतो, म्हणजे आग्नेयेकडून येऊन वर्धा रोड ओलांडून खाली. विमानतळ समुद्रसपाटीपासून १०३३ फुटांवर आहे, त्यामुळे चाकं जमिनीला लागलेली असतानाही अल्टिमीटर (हवेच्या दाबावरून समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणारं यंत्र) हजाराच्या वर दाखवतो. साध्या, म्हणजे कॅट वन आयएलएसला जमिनीपासून दोनशे फुटांपर्यंत खाली येता येतं, तर इथं तो आकडा १२३० च्या आसपास वाचायचा. नेमका चार्टवरचाच घ्यायचा, माझा नाही. तीन अंशांच्या उताराला ग्राउंड स्पीडला पाचनं गुणलं की खाली येण्याचा दर मिळतो: १४० नॉट (ताशी सागरी मैल) असेल तर मिनिटाला ७०० फूट.

हे सगळं मी पाठ केलं आणि फेब्रुवारीत तिला फोनवर घडाघडा म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही वाचून दाखवताय, सांगत नाही आहात. आज वेगळं काय आहे ते कुठं आलं?" मला जरा रागच आला होता. पण कालच्यासारखंच ब्रीफिंग आज केलं तर ऐकणाऱ्याचे कान मिटतात, हे वर्गात उभं राहणाऱ्याला वेगळं सांगावं लागू नये. आता सुरुवातच अशी करतो: आज धोका कशाचा? धुकं, शेपटीचा वारा, की माझं डोळ्यांवर आलेलं जागरण.

तिनंच अमेरिकेच्या ताब्यातल्या ग्वाम बेटाची गोष्ट सांगितली. ६ ऑगस्ट १९९७ ची रात्र, कोरियन एअरचं ७४७. विमानतळाचा ग्लाइड स्लोप दुरुस्तीसाठी बंद होता, तशी नोटीसही निघालेली. म्हणजे आयएलएसचा दुसरा किरण, लोकलायझर, दिशा दाखवणार, उंची मात्र टप्प्याटप्प्यानं आपणच उतरवायची. तिथला व्हीओआर (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) धावपट्टीवर नाही, तीनेक मैल अलीकडे टेकडीवर आहे. विमान त्याच टेकडीवर आदळलं, २२८ माणसं गेली. अमेरिकेच्या तपास मंडळानं कारणांत कॅप्टननं अप्रोचचं पुरेसं ब्रीफिंग केलं नाही हे लिहिलं, आणि कॉकपिटमधल्या बाकीच्या दोघांनी नीट लक्ष ठेवून ताडलं नाही हेही.

आता माझी फजिती. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. हवेचा दाब हा माझा हातखंडा धडा. जूनमधल्या एका पावसाळी संध्याकाळी दाब होता १००१ हेक्टोपास्कल आणि मी उतरताना अल्टिमीटर १०१३ वरच, म्हणजे उंचावर लावतात त्या प्रमाण दाबावरच, ठेवला. बारा हेक्टोपास्कल, दर हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट, म्हणजे सव्वातीनशे फुटांची चूक, आणि तीही वाईट बाजूला: यंत्र दाखवतं त्यापेक्षा विमान खाली. मी १२३० ची वाट बघत बसलो आणि साडेतेराशेच्या वर काटा असतानाच चाकं धाडकन टेकली. निर्णय घ्यायची उंची कधी आलीच नाही!

वाचलो ते आयएलएसमुळे. ग्लाइड स्लोपचा किरण जमिनीवरून येतो, त्याला माझ्या अल्टिमीटरशी देणंघेणं नाही. पण उपग्रहावर चालणाऱ्या काही अप्रोचमध्ये उंचीचा उतार हवेच्या दाबावरूनच मोजतात, तिथं ही चूक विमानालाच खाली नेते. मे २०२२ मध्ये पॅरिसला एका ए३२० विमानाला दाब १००१ ऐवजी १०११ सांगितला गेला. पावसात ते विमान धावपट्टीच्या मैलभर अलीकडे जमिनीपासून सहा फुटांवर आलं आणि तिथून वर गेलं. तेव्हापासून माझ्या ब्रीफिंगमध्ये दाबाचा आकडा दोनदा येतो. विद्यार्थ्यांना मात्र यातलं काही कळता कामा नये.

एकट्यानं उडवणाऱ्याची खरी अडचण ऐकणाऱ्याची. मी मोठ्यानं बोलतो, बायको शेजारच्या खोलीत भाजी निवडत असते. आयएलएसची फ्रीक्वेन्सी लावली की मॉर्समध्ये त्याचं नाव वाजतं आणि ते ऐकून खात्री करायची असते. मार्चमध्ये एकदा ती आतूनच म्हणाली, "आज तुमचं ते टिकटिक नाही वाजलं." बघतो तर फ्रीक्वेन्सी टाकलेली, पण स्टँडबायमध्येच, म्हणजे चालू न करता, पडून. त्या दिवसापासून दुसऱ्या पायलटची खुर्ची तिची आहे, तिला सांगितलं नसलं तरी.

माझे वडील जुन्या टपाल विमानांच्या गोष्टी सांगायचे. १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास इथली विमानं मध्यरात्री सोनेगावला जमून पिशव्यांची अदलाबदल करत. अंधारात उतरताना ती माणसं एकमेकांना काय सांगत असतील, असं हल्ली डोक्यात येतं.

घ्यायचंच असेल तर: ग्राफिक्स कार्डावर पैसे वाचवा, रडरसाठी पायांची पेडल वेगळी घ्या, पिळायच्या दांड्याच्या वाटेला जाऊ नका. चार्टचा प्रिंट काढा, स्क्रीनवर खिडक्या उलटसुलट करत ब्रीफिंग होत नाही. सिम्युलेटरमधला डेटा आणि चार्ट यांत फरक निघाला तर वैतागू नका, तो सापडला म्हणजे ताडणं कामी आलं. माझ्याकडून सिम्युलेटरला चार तारे, जॉयस्टिकला दीड. भाची दिवाळीत येणार आहे. त्याआधी पेडल यायला हवीत, नाहीतर ती पहिला प्रश्न रडरबद्दलच विचारेल.