सामुदायिक आरोग्य केंद्रातील गर्भवती तपासणी सेवा, न्यू जर्सी

शेजारी राहणाऱ्या, मूळच्या होंडुरासच्या कुटुंबातील गर्भवती सुनेला सोबत म्हणून मी आमच्या शहरातील सामुदायिक आरोग्य केंद्रात जात असते. मेडिकेडचा (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याचा) अंतिम निर्णय होईपर्यंत, केवळ तोंडी सांगितलेल्या उत्पन्नावर विसंबून, येथे गर्भवतीला तात्पुरते विमासंरक्षण मिळवून देतात, आणि ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. अमेरिकेत २०१६ मध्ये पहिल्या तिमाहीतच तपासणी सुरू झालेल्या मातांचे प्रमाण गौरवर्णीयांत ८२.३ टक्के, हिस्पॅनिकांत (स्पॅनिशभाषक देशांत मूळ असलेल्यांत) ७२ टक्के आणि कृष्णवर्णीयांत अवघे ६६.५ टक्के होते; आधीपासूनचा उच्च रक्तदाब आणि मधुमेह वेळीच ओळखण्याचे हेच दिवस असल्याने ही तफावत मला अस्वस्थ करते.

परिचारिकेने रक्तदाब दोनदा मोजला, आणि फोनच्या स्पीकरवरील दुभाष्यामार्फत फॉलिक ॲसिडची गोळी कशी घ्यायची हे समजावून, तेच तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले. एवढी आस्था मला महागड्या दवाखान्यांतही क्वचितच दिसली आहे.

पहिली वेळ मिळणे मात्र अवघड आहे. नोंदणीचा फोन केवळ कार्यालयीन वेळेत उचलला जातो, आणि तासावर मजुरी करणाऱ्या बाईला त्याच वेळेत तो लावता येत नाही. संध्याकाळचा एक तरी दिवस केंद्राने ठेवायलाच हवा. तोपर्यंत फोनवर अवलंबून न राहता, ओळखपत्र घेऊन सकाळी केंद्र उघडताच प्रत्यक्ष जाऊन नाव नोंदवावे.