पातेगळीवर काय फवारावं: एनएए की १३:०:४५?

ऑगस्टात पावसानं ओढ दिली की बीड-परभणीकडं कपाशीच्या ओळीत पात्यांचा, म्हणजे न उमललेल्या फुलकळ्यांचा, सडा पडतो. आधी दोन-चार गळलेल्या पात्या उचलून बघा. छिद्र दिसलं तर तो अळीचा कारभार, पुढचं वाचायची गरज नाही. पाती नुसतीच पिवळी पडून गळली असेल, तर हे दोन पर्याय आहेत. दुकानात दोघांनाही ‘टॉनिक’च म्हणतात, काम मात्र वेगळं.

एनएए हे ऑक्झिन गटातलं संप्रेरक. त्यानं पेशीपटलातले प्रोटॉन पंप जोर धरतात. हायड्रोजन आयन बाहेर पडतात, पेशीभित्तिका सैल होते, पोटॅशियम आत ओढलं जातं आणि त्यामागून पाणी. शिवाय पातीकडून देठात ऑक्झिन येत राहिलं, तर देठाच्या बुडाशी असलेला तुटण्याचा थर इथिलीनला, म्हणजे गळ घडवणाऱ्या संप्रेरकाला, सहसा दाद देत नाही. म्हणून गळ थांबते. पण ओढायला पोटॅशियम आणि पाणी हवं ना! भेगाळलेल्या रानात एनएए मारणं म्हणजे कोरड्या विहिरीवर मोटार चालू करणं.

१३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. ते हुकूम देत नाही, माल पुरवतं. पेशीत पोटॅशियम पुरेसं असलं की पाणी धरून राहतं, पर्णरंध्रांची उघडझापही नीट चालते. पावसाच्या खंडात माझं मत यालाच: एक टक्का द्रावण, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला १५० ग्रॅम, ऊन कलल्यावर.

दुकानदार कॅल्शियमही पुढं करेल. पटलातल्या फॉस्फेटांना सांधून पेशीची गळती रोखणारं खनिज तेच, हे खरं. पण आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात ते बहुधा कमी नसतं. मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबरच ते पोचतं, आणि अडतं तिथंच. चोपण, म्हणजे सोडियम साठलेली जमीन असेल तर गोष्ट निराळी. तिथं सोडियम कॅल्शियमला हुसकावतं, म्हणून जिप्सम लागतं.

रानात वाफसा आहे, आभाळ भरलेलं आहे आणि तरी गळ चालू आहे, तेव्हा एनएए घ्या. साडेचार टक्क्यांचं असेल तर पंपाला तीन मिलि, बस. वाढीव मात्रेनं झाडात उलट इथिलीनच वाढतं. आणि टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप कपाशीत आणूच नका. तेही ऑक्झिनच्याच भाऊबंदातलं, पंपात राहिलेल्या अंशानंसुद्धा कपाशीची पानं अरुंद होऊन शिरा दाटतात.