डिग्री आधी की मशीन आधी? उद्यमबागेतून दिसतं ते

ताईचा मुलगा यंदा एसएसएलसी (दहावी) झाला. 68 टक्के. घरात तीन तट पडलेत. ताईला तो इंजिनिअर झालेला बघायचाय, दाजींना तो लवकर कमावता हवाय, आणि त्याला स्वतःला आमच्या वर्कशॉपमधलं व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं) मशीन आवडतं, कारण त्याला स्क्रीन आहे. येळ्ळूरच्या जेवणावळीत ताई म्हणाली, "तूच सांग गा आता." तेव्हापासून डोक्यात हाच हिशेब चाललाय. तसल्याच पेचात असलेल्या आणखी कुणाच्या कामी यावा म्हणून लिहून काढतोय.

आधीच सांगतो, मी तटस्थ नाही. मी आयटीआय टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा. अठराव्या वर्षी मशीनला उभा राहिलो, आता बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सहा मशिनींचं जॉबवर्क बघतो आणि माणसं घेतो. दोन्हीकडची पोरं माझ्यासमोर येऊन बसतात.

आपल्या भागाची गंमत अशी की दोन्ही वाटा एकाच रस्त्यावर आहेत. खानापूर रोडनं मच्छेला गेलं की विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय. 1998 साली ते स्थापन झालं, आणि कर्नाटकातल्या बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या डिग्रीवर त्याचाच शिक्का असतो. त्याच मच्छेत आणि त्याच्या अलीकडं उद्यमबागेत फौंड्र्या (ओतकामाचे कारखाने), लेथ, हायड्रॉलिकची कारखानदारी. सकाळच्या बसमध्ये ड्रॉइंगची गुंडाळी घेतलेलं पोर आणि डबा घेतलेलं पोर एकाच सीटवर बसलेलं असतं.

पैशाचा हिशेब

आकडे माझे, समजण्यापुरते. आपापले घालून बघा. सोळाव्या वर्षी दहावी. आयटीआयला टर्नर, फिटर, मशिनिस्ट ही ट्रेड दोन वर्षांची, म्हणजे अठराव्या वर्षी कमाई सुरू. बीईवाला दोन वर्षं पीयूसी (अकरावी-बारावी) आणि चार वर्षं कॉलेज करून बाविसाव्या वर्षी बाहेर पडतो. मधल्या चार वर्षांत आयटीआयवाल्यानं महिन्याला सरासरी 13,000 मिळवले तर होतात 6,24,000. बीईवाल्याची फी, बस, पुस्तकं, प्रोजेक्ट मिळून चार लाख धरू. फरक झाला 10,24,000 रुपयांचा.

आता हा खड्डा भरायला किती दिवस लागतात? बीईवाला इथंच बेळगावात राहिला आणि त्याचा पगार चार वर्षं मुरलेल्या ऑपरेटरपेक्षा 3,000 नं जास्त असला, तर 28 वर्षं. तोच बेंगळूरला किंवा पुण्याला गेला आणि खोलीभाडं-मेस वजा जाऊन 15,000 जास्त हातात राहिले, तर पावणेसहा वर्षं. पगारवाढ मी धरलेली नाही, ती धरली तर बाहेर गेलेल्याचं पारडं आणखी जड होतं. थोडक्यात, गाव सोडायची तयारी असेल तर डिग्रीचे पैसे वसूल होतात. आई-वडील, शेत आणि दोन म्हशी सोडून जायचं नसेल तर आधी कागदावर हा हिशेब मांडून मग कॉलेजचा फॉर्म भरावा.

बॅक राहिलेल्यांचा हिशेब मी वर धरलेला नाही. चौथ्या वर्षाला तीन विषय राहिलेलं पोर मला दर महिन्याला एक तरी भेटतं. त्याची चार वर्षंही गेली, फीही गेली, आणि तो स्वतःला ऑपरेटर म्हणवून घ्यायला तयार नसतो.

मायक्रोमीटर आणि वाळू

मुलाखतीला मी प्रश्न विचारत नाही. टेबलावर एक शाफ्ट (गोल दांडा) आणि मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) ठेवतो. ड्रॉइंगवर 25 मिलिमीटर, टॉलरन्स वजा 0.02 ते वजा 0.04. म्हणजे माप 24.96 ते 24.98 मध्ये बसलं पाहिजे. गेल्या वर्षी एक बीई मेकॅनिकल मुलगा आला, मार्क चांगले. त्यानं मायक्रोमीटर घेतला आणि मागची रॅचेट (जोर बेताचा ठेवणारी कळ) न वापरता थिंबल (फिरवायची नळी) धरूनच कचकचून आवळला. रीडिंग आलं 24.95. "रिजेक्ट," म्हणाला. शेजारी आमचा दुसऱ्या वर्षाचा अप्रेंटिस उभा होता. त्यानं तोच शाफ्ट फडक्यानं पुसला, रॅचेट तीनदा टकटक वाजू दिली. 24.97. माल पास. वीस मायक्रॉनचा, म्हणजे 0.02 मिलिमीटरचा, फरक बोटाच्या जोराचा, आणि तो कुठल्या पेपरात येत नाही.

एवढंच सांगून थांबलो असतो तर माझं मत तुम्हाला कळलं असतं. पण दुसरी बाजूही मी डोळ्यानं बघितलीय.

उमेदीच्या काळात मी एका फौंड्रीत होतो. तिथले मोल्डिंगचे (वाळूचे साचे करणारे) मिस्त्री मुठीत वाळू दाबायचे, मूठ उघडून तो गोळा दोन बोटांनी मोडायचे आणि सांगायचे, "ओली हाय गा, आज कास्टिंगला भोकं पडणार." आणि ओतलेल्या नगाला भोकं पडायची. लॅबचा रिपोर्ट दुपारी यायचा, तोही तेच सांगायचा. मग एका पावसाळ्यात रिजेक्शन वाढलं आणि मोठ्या गिऱ्हाइकानं लेखी कारण मागितलं: कधीपासून, किती, कशामुळं, आता काय बदलणार. मिस्त्रींना कारण ठाऊक होतं, पण ते मुठीत होतं. मेटलर्जीचा डिप्लोमा केलेल्या एका मुलीनं महिनाभराचे वाळूच्या ओलाव्याचे आकडे आणि रोजचं रिजेक्शन एकाखाली एक मांडलं, इंग्रजीत दोन पानं लिहिली. ऑर्डर टिकली. पुढं क्वालिटीचा विभाग तिच्याकडं गेला. मिस्त्री निवृत्त होईपर्यंत मिस्त्रीच राहिले, आणि त्यांना त्याचं वाईट वाटायचं, हे मला चहाच्या गाड्यावर कळलं.

माझंही तेच झालं. अकरा वर्षांनंतर सुपरवायझरची जागा निघाली. काम मी आधीपासूनच करत होतो. फॉर्मवर शिक्षणाचा रकाना होता, त्यात 'डिप्लोमा किंवा अधिक'. जागा माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराला मिळाली. त्याचा राग धरून मी बाहेर पडलो आणि स्वतःचं पहिलं सेकंडहँड लेथ घेतलं. सगळ्यांना रागाचं भांडवल करता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा.

तर अनुभवानं माणूस पटकन आत शिरतो आणि दहा-बारा वर्षांनी त्याचं डोकं छताला लागतं. डिग्रीवाल्याला दारातच ताटकळावं लागतं, पण एकदा आत मुरला की वरचा जिना त्याच्यासाठी उघडा असतो.

जिथं पर्यायच नाही

काही कामांत ही तुलना करण्यात अर्थ नाही. नर्स, फार्मासिस्ट, शिक्षक, वकील यांना कायद्यानंच कागद लागतो. मेडिकल दुकानात पंधरा वर्षं गोळ्या काढून दिल्या तरी डीफार्म केल्याशिवाय तुम्ही फार्मासिस्ट होत नाही. सरकारी अधिकारी, बँकेतला क्लार्क किंवा पीओ (प्रोबेशनरी ऑफिसर) व्हायचं तर कुठली का असेना, पदवी हवीच.

आणि इथं आपल्या मराठी पोरांसाठी वेगळा मुद्दा येतो, जो पुण्यातल्या करिअरवाल्यांना सुचणार नाही. बँकेच्या क्लार्कची परीक्षा मराठीतून देता येते, पण कर्नाटकातली जागा हवी तर कन्नड लिहिता-वाचता यावं लागतं. राज्य सरकारच्या नोकरीत तर कन्नडशिवाय पुढं सरकत नाही. मराठी माध्यमात शिकून, पुढं मराठी घेऊन बीए करून, मग 'नोकरी लागत नाही' म्हणणारी पोरं आमच्या गल्लीत आहेत. त्यांचं घोडं डिग्रीपाशी अडलेलं नाही, कन्नडपाशी अडलंय. सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत काहीही असो, फॉर्म भरताना ते विचारत नाहीत. शॉपमध्ये मात्र मराठी, कन्नड, हिंदी सगळ्याची भेळ चालते, आणि मायक्रोमीटरला भाषा नसते. कन्नडची खरोखरच बोंब असेल तर हाताचं काम जवळचं पडतं.

डिग्रीच करायची ठरली तर एक दार उलट्या बाजूनं उघडं आहे. महाराष्ट्राच्या इंजिनिअरिंग प्रवेशात वादग्रस्त सीमाभागातल्या 865 गावांमधल्या मराठी भाषिक मुलांसाठी वेगळी सोय असते. दाखले आधी काढून ठेवावे लागतात. शेवटच्या आठवड्यात तलाठ्याकडं पळणारे बाप मी बघितलेत. आणि कोल्हापूरला राहण्या-जेवणाचा खर्च वरच्या हिशेबात मिळवायला विसरू नका.

नुसती बीए-बीकॉम

इथं मी जरा कडक आहे. काय करायचं सुचत नाही म्हणून तीन वर्षं कॉलेजला नाव घालणं मला महागात पडलेलं दिसतं. कर्नाटक सरकारची युवा निधी योजना डिग्री होऊन 180 दिवस नोकरी न लागलेल्यांना महिना 3,000 देते, डिप्लोमावाल्यांना 1,500, तेही जास्तीत जास्त दोन वर्षं. नोकरी न लागण्यासाठी सरकारला खातं उघडावं लागलं, यातच काय ते समजा.

बीकॉमवाल्यांना सांगतो: सकाळी कॉलेज, दुपारी एखाद्या टॅक्स कन्सल्टंटकडं जीएसटीचे रिटर्न भरायला बसा. तिसऱ्या वर्षाला तुमच्याकडं दोन्ही असेल. खडेबाजारात आणि गणपत गल्लीत हिशेबाचा माणूस कायम हवा असतो. सीएचा अभ्यास तर बारावीनंतरच सुरू करता येतो, आणि त्यात दोन वर्षं ऑफिसात बसून शिकणं सक्तीचंच आहे. त्या लोकांनी ही भांडणं कधीच मिटवून टाकलीत.

मुलींचा हिशेब वेगळा

हे मला माझ्या बायकोनं समजावलं, मी नुसताच पगार मोजत बसलो होतो. खेड्यातल्या मुलीसाठी कॉलेज म्हणजे आधी वेळ. 'शिकतेय' म्हटलं की स्थळं आणणारे तीन वर्षं थांबतात. नोकरीला लागलेल्या अठरा वर्षांच्या मुलीला मात्र 'आता काय, कमावतेय, उरकून टाका' असं ऐकावं लागतं. म्हणून ज्या बीएला मी वर नावं ठेवली, तीच बीए एखाद्या पोरीला एकवीसपर्यंत सांभाळून नेते, बसनं एकटं शहरात यायची सवय लावते. बायको म्हणाली, "तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात बसतं?" मला उत्तर आलं नाही. फक्त त्या तीन वर्षांत सोबत नर्सिंगची तयारी असो, कॉम्प्युटरवरचं डिझाइन असो, काहीतरी हातात येऊ द्या, एवढं मी घालतो.

मुलांच्या लग्नाचंही आलंच. आमचा एक सेटर (मशीन कामासाठी लावून देणारा) 32 हजार मिळवतो, स्थळं येत नाहीत. 'शिक्षण आयटीआय' वाचून लोक पुढचं पान उलटतात. 18 हजारांच्या इंजिनिअरला चार सांगून येतात. हसू येतं, पण पोराच्या आयुष्यात ही गोष्ट छोटी नाही.

मग भाच्याचं काय

मी त्याला डिप्लोमा सांगितलाय. दहावीनंतर तीन वर्षं, एकोणिसाव्या वर्षी हातात कागद. कामावर लागता येतं आणि पुढं वाटलंच तर परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. 'डिप्लोमा किंवा अधिक'चा रकानाही भरतो, मला जो भरता आला नव्हता. ताई पूर्ण खूश नाही, दाजीही नाहीत, म्हणजे बहुतेक बरोबर असावं.

पण त्याआधी एक अट घातलीय. प्रवेश सुरू व्हायला तीन आठवडे आहेत. तेवढे दिवस त्यानं शॉपवर यायचं, पगार नाही, फक्त बघायचं आणि बर (मशीनमधून पडणारा धातूचा कीस) पुसायची. स्क्रीनवर बटणं दाबणं आणि आठ तास कुलंटच्या (मशीन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) वासात उभं राहणं यातला फरक त्याच्या पायांना कळू दे. पाय दुखले आणि तो म्हणाला 'मामा, मी पीयूसीच करतो,' तरी माझी हरकत नाही.

सोमवारी आठला येतोय. चप्पल घालून येऊ नको म्हणून सांगितलंय, बर टोचते.