बर्फाचं जॅकेट: गारवा खरा, चरबीचा हिशेब कच्चा

गोठवलेले जेलचे पॅक कप्प्यांत सरकवा, जॅकेट चढवा आणि बसल्या जागी चरबी जाळा, अशा जाहिरातीची जॅकेटं ऑनलाइन बरीच दिसतात. इथे विचार केलाय तो त्यातल्या नेहमीच्या मापाचा: छाती, पोट आणि पाठ मिळून साधारण 2 किलो पॅक.

दाव्याचा पाया खोटा नाही. त्वचेला गारवा लागला की मेंदूच्या हुकुमाने सिम्पथेटिक (आपल्या इच्छेशिवाय चालणाऱ्या) नसांतून नॉरअॅड्रिनलिन हे निरोप पोचवणारं रसायन सुटतं. साठवणीच्या पांढऱ्या चरबीतून फॅटी अॅसिड बाहेर पडतात आणि तपकिरी चरबी, म्हणजे उष्णता तयार करणारी चरबी, ती जाळते. तिच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जाघरांत) यूसीपी-1 हे प्रथिन असल्यामुळे एटीपी (पेशीचं इंधन) न बनता थेट उष्णता निघते. उंदरांत आणि तान्ह्या बाळांत ही चरबी मुबलक असते. मोठ्या माणसातही ती मानेशी, हासळीच्या वर टिकून असते, हे 2009 मध्ये पेट स्कॅनवर (अंगात ऊर्जा कुठे जळते ते दाखवणाऱ्या तपासणीत) पक्कं झालं. 2013 च्या एका जपानी प्रयोगात 17 अंशांत रोज 2 तास, असे 6 आठवडे बसलेल्यांची चरबी थोडी उतरली. मात्र तिथे सगळं अंग गार हवेत होतं, नुसतं धड नव्हे.

आता हिशेब. उणे 18 अंशांचा 2 किलो बर्फ शून्यावर यायला 18 किलोकॅलरी घेतो, वितळायला 160 आणि पुढे 15 अंशांपर्यंत तापायला 30. एकूण 208. यातली निम्मी उष्णता खोलीतल्या हवेतून आली असं धरलं, तर अंगातून गेली 104. ती सगळी चरबी जाळून भरून काढली तरी साडेअकरा ग्रॅम! प्रत्यक्षात तेवढंही होत नाही, कारण शरीर आधी त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळून उष्णता राखतं. नंतर भूक लागून खाल्लेला एक वडापाव ही सगळी कमाई पुसून टाकतो.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत आणखी एक गळती आहे. पॅकवर दव धरतं आणि 100 ग्रॅम दव जमताना सुमारे 58 किलोकॅलरी पॅकमध्ये सोडतं. म्हणजे पाव क्षमता हवेतल्या वाफेवरच खर्च. उपाय साधा: वरून घट्ट विंडचीटर घालायचा.

शून्य अंशाच्या जेलपेक्षा 15 ते 18 अंशांना वितळणारे मेणासारख्या पदार्थाचे पॅक बरे. किलोमागे ते बर्फापेक्षा कमी उष्णता शोषतात, पण त्वचा एकदम आवळली जात नाही, आणि गोठायला फ्रीजचा खालचा कप्पाही चालतो. जेलचेच असतील तर फ्रीझरमध्ये आडवे, एकावर एक न रचता, रात्रभर ठेवावेत. रचून ठेवले तर मधले कच्चे राहतात.

आत सुती बनियन हवाच, बर्फ थेट कातडीवर नको. सुरुवात 15 मिनिटांपासून. त्वचा बधिर किंवा पांढरी पडली, की लगेच काढायचं, बर्फानेही भाजतं. गारव्याने अंगावर पित्त उठणाऱ्यांनी, हृदयविकार किंवा न आटोपणारा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि मधुमेहामुळे संवेदना कमी झालेल्यांनी या वाटेला जाऊ नये.

‘पोटावर पॅक, पोटाची चरबी गायब’ ही ओळ तर सरळ फसवी. गारव्याचा संदेश मेंदूतून फिरून सगळ्या अंगाला जातो. पॅक जिथे ठेवला तिथलीच चरबी वितळत नाही. दवाखान्यात यंत्राने चरबी गोठवतात तो प्रकार वेगळा, तिथे पेशी मारल्या जातात. घरी त्याची नक्कल करू नये.

वजनासाठी घेत असाल तर पैसे वाचवा. भट्टीपाशी किंवा उन्हात काम असेल तर मात्र वस्तू कामाची आहे. तेव्हा पॅकचा दुसरा संच सुटा मिळतो का ते आधी विचारा, कारण पहिला संच वितळला की उरतं ते 2 किलोचं ओझं. कडेची शिवण दाबूनही पाहा; पॅक बहुतेक वेळा तिथेच गळतात.