लोणच्याची लिंबे: फ्रँकफुर्टमधील एका फळदुकानाविषयी

लिंबाचे लोणचे सालीसकट मुरते, म्हणून येथे लिंबू निवडताना मी रसाआधी सालीचा विचार करते, आणि या दुकानाचे मोल मला तेथेच कळले. युरोपीय संघात काढणीनंतर बुरशीनाशक लावलेल्या लिंबूवर्गीय फळांवर तशी नोंद करणे बंधनकारक आहे. हे दुकान सुट्या फळांच्या पाटीवरही ‘इमॅझालिल’, ‘थायाबेंडाझोल’ ही नावे सहज वाचता येतील अशा ठळक अक्षरांत लिहिते. लांबच्या प्रवासात हिरव्या बुरशीने फळ सडू नये म्हणून ही औषधे लावतात आणि त्यांचा बहुतेक अंश सालीतच राहतो. धुतल्याने तो काहीसा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. फक्त गर खाणाऱ्यापेक्षा साल खाणाऱ्याच्या, म्हणजे आपल्यासारख्यांच्या, पोटात तो अधिक जातो.

‘उनबेहांडेल्ट’ म्हणजे प्रक्रिया न केलेले, हा शब्द केवळ काढणीनंतरच्या प्रक्रियेपुरता असून बागेत फवारणी झालेलीच नाही असा त्याचा अर्थ होत नाही, हे विक्रेत्या बाईंनी मी न विचारताच समजावून सांगितले. इतका प्रामाणिकपणा मला इतरत्र आढळला नाही. शेवटी मी सेंद्रिय लिंबे घेतली. ती महाग होती, आणि जाळीतील दोन लिंबे आठवड्याच्या आत बुरशीने खराब झाली, तेव्हा दुकानाने ती बदलून दिली नाहीत, याचे वाईट वाटले. उरलेल्यांचे लोणचे मात्र उत्तम मुरले आहे.