प्राण्यांचा दवाखाना विकून देणारी एजन्सी, आमचा अनुभव (3 स्टार)

बाबांचा नाशिकचा, इंदिरानगरातला प्राण्यांचा दवाखाना यंदा विकला. त्यासाठी पुण्याची एक एजन्सी लावली होती, छोटे बिझनेस विकून देतात, क्लिनिक्स पण करतो म्हणाले. नाव लिहीत नाही कारण पैशाचं थोडं अजून अडकलंय, पण कोणी व्हेट रिटायर व्हायचा विचार करत असेल आणि पोरं माझ्यासारखी आयटीत गेली असतील तर कामाला येईल म्हणून लिहितेय.

हिशोबाचं काम मात्र एक नंबर. तीन वर्षांचे रिटर्न, बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या एंट्र्या सगळं मागून घेतलं आणि पहिल्याच मीटिंगला सांगून टाकलं की सर, जी कॅश रिटर्नमध्ये दिसत नाही तिचे पैसे तुम्हाला कोणीही देणार नाही. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता पण चूक काय त्यात. आणि केस पेपरचं काम तर त्यांच्याशिवाय झालंच नसतं. बाबांकडे सगळं कार्डांवर, आणि कार्डं मालकाच्या नावाने नाही तर प्राण्याच्या नावाने लावलेली, म्हणजे टायगरच्या गठ्ठ्यात गंगापूर रोडचा टायगर, पाथर्डी फाट्याचा टायगर, आणि एकावर लाल पेनने नुसतंच "टायगर – चावतो". एजन्सीच्या पोराने बसून ते सगळं एक्सेलमध्ये घातलं, मालकाचा मोबाइल, शेवटची लस कधी, आणि दीड वर्षात जे फिरकलेच नाहीत ते बाजूला काढले. घेणारा पैसे मोजतो ते उरलेल्यांचे, हे तेव्हा कळलं.

किंमत काढताना मात्र गंमत केली. पीपीटीमध्ये इंग्लंडमधल्या डीलचे मल्टिपल, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या किती पट किंमत ते आकडे, टाकलेले. अहो तिकडे 2013 मध्ये साधारण 10 टक्के दवाखाने मोठ्या ग्रुपच्या हातात होते ते दहाएक वर्षांत 60 टक्क्यांच्या आसपास गेले, कंपन्या एकमेकींवर चढाओढ करून घेत होत्या. आमच्याकडे भाड्याच्या दोन खोल्या, एक डॉक्टर आणि प्राण्यांना धरणारा मदतनीस संतोषदादा. डॉक्टर खुर्चीतून उठला की गल्ला बंद, त्याला कसला मल्टिपल लावता. शेवटी भाव ठरला तो सामान, स्टॉक आणि गुडविलचा (म्हणजे जमवलेलं नाव आणि गिऱ्हाइकं) एक अंदाज मिळून. गुडविलची रक्कम टॅक्ससाठी कशी दाखवायची ते मात्र सीएला आधी विचारा, स्वतः उभ्या केलेल्या गुडविलची खरेदी किंमत शून्य धरतात म्हणजे मिळालेली अख्खी रक्कम नफा.

गिऱ्हाईक आणायच्या बाबतीत निराशाच. एक ग्रूमिंगवाले आणले, एक मेडिकल दुकानवाले आणले. बाबा दोघांनाही एकच विचारायचे, व्हेटरनरी कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर काय तुमचा? 1984 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या व्हेटशिवाय कोणी प्रॅक्टिस करू शकत नाही, मग डॉक्टर कुठून आणणार म्हटलं की दोघंही गप्प. खरं गिऱ्हाईक आणलं कोणी तर औषध कंपनीच्या एमआरने! शिरवळच्या कॉलेजातून शिकलेलं एक जोडपं जागा शोधत होतं, एमआर लोकांना हे सगळं माहीत असतं, चहा पिता पिता जमलं. तरी एजन्सीने पूर्ण कमिशन लावलं, कारण करारात एक्सक्लुझिव्हचं कलम होतं, गिऱ्हाईक कुठूनही येवो. वर त्यावर 18 टक्के जीएसटी. प्राण्यांच्या उपचारांना जीएसटी माफ असल्यामुळे बाबांचं रजिस्ट्रेशनच नाही, म्हणजे तो परत मिळण्याचा प्रश्नच नाही, खिशातूनच गेला.

कागदपत्रांतही अर्धवटपणा. एक्स-रे मशीन त्यांच्या यादीत टेबल-खुर्चीच्या खाली "नग 1" असं लिहिलेलं. अहो त्याचा परवाना एईआरबीचा, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचा, आणि तो बाबांच्या नावावर, नवीन डॉक्टरांना त्यांच्या ई-लोरा पोर्टलवर आपल्या नावाने घ्यावा लागतो, तोवर बटण दाबता येत नाही. हे आम्हाला मशीनच्या सर्व्हिस इंजिनीअरने सांगितलं. भुलीच्या केटामाइनच्या बाटल्यासुद्धा स्टॉकमध्ये धरून मोकळे, ते शेड्यूल एक्समधलं, म्हणजे कडक नियंत्रणातलं औषध, त्याचं रजिस्टर वेगळं, बाबांनी ती ओळ स्वतः खोडली. फ्रीजमधल्या लसी एमआरपीने लावलेल्या, त्यातल्या काहींची एक्स्पायरी तोंडावर आलेली, त्यावरून नवीन डॉक्टरांशी उगाच खटका उडाला. आणि जागामालकांना तर एजन्सीचा माणूस भेटलाच नाही. लिव्ह अँड लायसन्स बाबांच्या नावावर, ते काही विकता येत नाही, नवीन करार नव्याने रजिस्टर करावा लागतो, आणि मालकांनी बरोबर त्याच वेळी डिपॉझिट वाढवून मागितलं.

सगळ्यात कहर म्हणजे कराराचा ड्राफ्ट. "विक्रेता महाराष्ट्रात कुठेही दहा वर्षं प्रॅक्टिस करणार नाही." आमच्या वकीलबाई वाचून हसायलाच लागल्या. 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टचं कलम 27, धंदा करायला बंदी घालणारा करार रद्दबातल, फक्त गुडविल विकताना ठरावीक हद्दीपुरती घालता येते आणि ती हद्द वाजवी पाहिजे. मग दवाखान्यापासून पाच किलोमीटर, तीन वर्षं असं झालं. बाबांनी त्यात हट्टाने एक ओळ घालून घेतली, 28 सप्टेंबरच्या रेबीज दिनाचं फुकट शिबिर आणि गोशाळेची व्हिजिट चालू राहील. नवीन मॅडम म्हणाल्या, सर शिबिर आपल्याच दवाखान्यात घ्या ना.

एक गोष्ट एजन्सीच्या एकाही कागदावर नव्हती आणि नवीन डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारली, संतोषदादा राहणार का? चावरा लॅब्रेडॉर असो नाहीतर फिसकारणारी मांजर, तो मानेला धरून कानात काहीतरी पुटपुटतो आणि सुई कधी गेली कळत नाही. त्याचा पगार वाढवून मिळाल्यावरच सह्या झाल्या, आणि ते बोलणं सगळं आईने केलं.

कुणी एजन्सी लावणारच असाल तर हिशोब आणि केस पेपरपुरती ठरावीक फी ठरवा, एक्सक्लुझिव्हवर सही करू नका, आणि त्यांना टोकनच्या दिवशीच सगळं कमिशन हवं असतं, ते ताबा आणि एक्स-रेचे कागद झाल्याशिवाय देऊ नका. आमचा शेवटचा हप्ता त्याच्यावरच अडलाय, ते रोज फोन करतात, बाबा उचलत नाहीत.