काउचडीबी: कीजची अख्खी यादी एकदम मागवण्याचा अनुभव

दूध संकलनाच्या बिलांचं काम काउचडीबीवर, म्हणजे माहिती डॉक्युमेंट्सच्या रूपात साठवणाऱ्या डेटाबेसवर, आणून आता बरेच महिने झाले. सिंक, रिव्हिजन (डॉक्युमेंटच्या आवृत्तीची खूण), पाउचडीबी (ब्राउझरमध्ये चालणारा त्याचा जोडीदार) हे सगळं वापरणाऱ्यांना माहीतच आहे. मला लिहायचंय ते एकाच गोष्टीबद्दल: ऑल डॉक्सला (डेटाबेसमधली सगळी डॉक्युमेंट्स देणारी सोय) कीजची, म्हणजे डॉक्युमेंट्सच्या आयडींची, यादी देऊन डॉक्युमेंट्स एका झटक्यात मागवणं.

आमच्याकडे दर दहा दिवसांनी बिल निघतं आणि सभासदांचा क्रम वहीतलाच लागतो, कारण केंद्रावरचे काका बोट ठेवून एकेक नाव ताडून बघतात. आधीच्या क्लाउड सेवेत प्रत्येक वाचनाला पैसे पडायचे, उत्तरं वाटेल त्या क्रमाने यायची आणि न सापडलेल्या कीबद्दल चकार शब्द नसायचा. एकदा एका सभासदाचं नावच बिलातून गळलं. माणूस पैसे घ्यायला आला तेव्हा कळलं! तक्रारीला उत्तर आलं, 'हे असंच चालतं.' पैसे मोजून असली उत्तरं ऐकायची माझी तयारी नव्हती.

इथे एचटीटीपी पोस्टने यादी पाठवली की दिलेल्या क्रमानेच ओळी परत येतात. शंभर कीज, शंभर ओळी. एक की दोनदा दिली तर ओळही दोनदा. आणि नसलेल्या कीचीसुद्धा ओळ येते, हजेरीपटावर गैरहजर लिहावं तशी: की, आणि एरर म्हणून 'नॉट फाउंड'. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसमध्ये 'इन' (यादीतलं काहीही जुळलं तरी चालेल अशी अट) लावून आयडी मागवले तर क्रमाची हमी नाही, न सापडलेले गुपचूप वगळले जातात. जुळवाजुळव आपणच करायची. ती सगळी जुळवाजुळव मी काढून टाकली.

पुढे एक गोष्ट खटकली. डिलीट केलेल्या डॉक्युमेंटच्या ओळीत एरर नसतोच. आयडी असतो, रिव्हिजन असते, 'डिलीटेड' ट्रू असतं आणि इन्क्लूड डॉक्स (ओळीसोबत पूर्ण डॉक्युमेंट मागवायचा पर्याय) लावलं असेल तर डॉक नल, म्हणजे रिकामं, येतं. म्हणजे नुसता एरर तपासून भागत नाही. सुरुवातीला वैताग आला, पण आता मला हेच बरोबर वाटतं. 'असा सभासद कधी नव्हताच' आणि 'होता, पण काढला' यातला फरक हिशेबात कळायलाच हवा.

खरी नाराजी व्ह्यूबद्दल (डॉक्युमेंट्समधून तयार केलेल्या, कीनुसार लावलेल्या नोंदी) आहे. तिथेही तोच कीज पॅरामीटर, पण वागणूक वेगळी: ज्या कीला नोंद नाही तिची ओळच येत नाही. दहा दिवसांत ज्याने दूध घातलं नाही तो बेरजेतून गायब. शिवाय रिड्यूस (नोंदींची बेरीज वगैरे करणं) असेल तर ग्रुप ट्रू (प्रत्येक कीचा वेगळा निकाल) द्यावंच लागतं, नाहीतर विनंती नाकारली जाते. एकाच नावाच्या पॅरामीटरचे हे दोन नियम मला अजूनही पटत नाहीत. त्यामुळे ऑल डॉक्सची यादी पाया धरायची आणि व्ह्यूतल्या बेरजा तिला जोडायच्या, असं आम्ही करतो.

फाइंडमध्ये (काउचडीबीतली अट देऊन शोधायची सोय) 'इन' वापरायचा मोह टाळा. ते 'इन' इंडेक्सचा (शोध पटकन लागावा म्हणून केलेल्या सूचीचा) आधार घेत नाही आणि लिमिट दिलं नाही तर फक्त 25 डॉक्युमेंट्स हातात पडतात.

वेगाचं म्हणाल, तर जादू नाही. क्लस्टरमध्ये (एकत्र चालणाऱ्या सर्व्हरच्या गटात) प्रत्येक की स्वतंत्रपणे उघडली जाते, एका वेळी 10, हा आकडा सेटिंगमध्ये बदलता येतो. वाचतात त्या नेटवर्कच्या फेऱ्या, आणि गावातल्या नेटवर तेच महाग असतं. आमचा सर्व्हर सगळ्यात स्वस्त भाड्याचा आहे, तरी बिलाच्या दिवशी तक्रार येत नाही.

डेटा वाचवायचा असेल तर आधी इन्क्लूड डॉक्स न लावता यादी मागवा. प्रत्येक कीची फक्त रिव्हिजन येते. ती मोबाइलमधल्या रिव्हिजनशी ताडून बघायची आणि बदललेल्या कीजचीच दुसरी, छोटी यादी पाठवायची. आमच्याकडे सभासदांची माहिती क्वचितच बदलते, त्यामुळे ती दुसरी यादी बहुतेक वेळा रिकामीच असते.